भालचंद्रमध्ये जागा नाही

१२ फेब्रुवारी २००४, गुरुवार

जुन्या वहीची चार पानं कोरी असताना नवी वही काढली. पुष्पा, माझी बायको, म्हणाली, उधळेपणा. पण आजचा दिवस चार पानांत मावणारा नाही.

बाबांनी कॉम्प्युटर घेतला. वय वर्षं चौऱ्याऐंशी. डोळ्यांना चष्मा, कानात यंत्र, आणि आता हे. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून मी निवृत्त झालो, मला कॉम्प्युटर सुचला नाही, ह्यांना सुचला. विचारलं तर म्हणाले, "जग कुठं चाललं अन् आपन कुठं बसलो बे भाल्या?" साठीला टेकलेल्या मुलाला अजून बे म्हणतात.

यंत्र बैठकीत मांडलं आहे. सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा उगवतीकडचं घर मला आलं आणि मावळतीकडचं इंद्रभानला, माझ्या धाकट्या भावाला. मधली बैठक बाबांची, म्हणून सामाईक. "हे बी सामाईक," बाबांनी जाहीर केलं. "हिरीवर मोटारीची पाळी लावता नं? तशीच लावा. सोम-बुध-शुक्र भाल्या, मंगळ-गुरू-शनी इंद्र्या. आइतवार माहा."

जोडणीला बसस्टँडजवळचा वैजनाथ आला होता. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, माझ्याच वयाचा. त्यानं सहज विचारलं, "हार्ड डिस्कचे भाग किती पाडू? चाळीस जीबी हाये." बाबा खुर्चीत ताठ झाले. "दोन पोरं, दोन वाटे."

आमच्याकडचा रिवाज असा, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. मी लबाडी केली नाही. फक्त विचार केला. वैजनाथला बाजूला घेऊन विचारलं, ह्यात चांगला वाटा कोणता? तो म्हणाला, "सी म्हंजे बांधलेलं घर. विंडोज तथीच राहाते. डी म्हंजे मोकळं रान." मी हिशेब केला, की इंद्रभान बांधलेल्या घराला भुलेल. म्हणून सी सहाचा ठेवला आणि डी चौतीसचा.

इंद्रभाननं माझ्याकडं न बघता वैजनाथला विचारलं, "मोकळं कोन्तं?"

"डी."

"मंग मले डी."

शेताच्या वेळीही हेच. विहिरीजवळचा लहान तुकडा आणि पलीकडचं मोठं रान असे वाटे मीच पाडले होते. मला वाटलं, धाकटा मोठ्याला भुलेल. त्यानं विहिरीजवळचा लहान उचलला आणि तिथं भाजीचा मळा फुलवला. माझं मोठं रान बटईनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, दिलेलं आहे. तेव्हा लहान उचलला, आता मोठा. माणसाला तत्त्व म्हणून काही नाही.

त्या वाटणीनंतर आमचं भांडण झालं असं कुणी म्हणणार नाही. बोलणं तेवढं बंद पडलं.

वैजनाथनं वाट्यांना आमची नावं दिली. आता पडद्यावर सीच्या जागी भालचंद्र दिसतो आणि डीच्या जागी इंद्रभान. बाबा बराच वेळ त्याकडं बघत बसले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

माझी पहिली पाळी. भालचंद्र उघडला तर आत अनोळखी बिऱ्हाड! विंडोजनं दोन जीबी आधीच बळकावलेली. वैजनाथला फोन केला, की विंडोज दोघंही वापरतो, तर निम्मी इंद्रभानमध्ये नेऊन ठेव. तो इतका हसला की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. म्हणाला, तिचे तुकडे होत नाहीत.

म्हणजे रस्ता, विहीर, देऊळ सगळं माझ्या वाट्यात आणि चौतीस जीबी मोकळं रान त्याच्या. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगणार?

४ मार्च, गुरुवार

सुलभाचं ठरलं! इंद्रभानची मुलगी. मुलगा नांदुऱ्याचा, शाळेत विज्ञान शिकवतो. लग्न नऊ मे. काल संध्याकाळी ती स्वतः पेढे घेऊन आली. "मोठेबाबा, पयला तुम्हाले." तिचा बाप दारात उभा होता, उंबऱ्याच्या पलीकडं. बाबांकडं बघून हसला आणि माझ्या चपलांकडं बघून गंभीर झाला.

आम्हाला मूल नाही. सुलभा आमच्याच अंगणात वाढली, वाटणी झाली तेव्हा सातवीत होती. अंगणात काट्याची ओळ घातली गेली, तर ही ओळीवरून उडी मारून माझ्याकडं चित्रं काढायला यायची. तिच्या लग्नाची पत्रिका मी करावी असं मला वाटतं. फार वाटतं. तीस वर्षं ह्या देऊळगाव राजातल्या निम्म्या पत्रिकांची चित्रं मी काढली. कुणाकुणाची लग्नं माझ्या गणपतीच्या साक्षीनं लागली आणि घरचीच मुलगी छापखान्यातल्या तयार मालावर जाणार?

पण मला कुणी सांगायला नको? इंद्रभान मला सांगतो की जालन्याला जाऊन छापखान्याच्या वहीतला नमुना क्रमांक सतरा पसंत करतो, ते बघू. मी विचारायला जाणार नाही. थोरला आहे.

आज त्याची पाळी होती. दुपारभर बैठकीत बसला होता.

८ मार्च, सोमवार

कुणी सांगितलं नाही तरी कागदावर रेघ ओढायला कुणाची परवानगी लागत नाही. पत्रिका सुरू केली.

गणपती नाही, सनई-चौघडा नाही, आंब्याची पानं नाहीत. भोवती दोडक्याची वेल. मळेकऱ्याच्या मुलीची पत्रिका आहे, मळ्यासारखी दिसली पाहिजे. मळ्यात सहा वर्षं पाऊल टाकलं नाही, पण दोडका काय माणूस विसरतो? मनानंच काढली. पानं, ताणे, पिवळी फुलं, खाली लोंबणारे दोडके. मग वैजनाथकडून आणलेल्या स्कॅनरवर चढवली. स्कॅनर विचारतो, किती बारकाईनं बघू? मी त्याला सर्वांत जास्त सांगितलं. कामात काटकसर मला जमत नाही.

९ मार्च, मंगळवार

दाराच्या पडद्याच्या फटीतून बैठकीत नजर गेली. मुद्दाम बघत नव्हतो. इंद्रभान एका बोटानं टाइप करत होता. एक अक्षर, मग बराच वेळ विचार. ओठ हलत होते. औषध फवारणीची यादी करत असावा. सव्वा तासात फार तर चार ओळी झाल्या असतील. एकदा त्यानं उठून आमच्या दाराकडं दोन पावलं टाकली. मी पडद्याआड झालो. तो परत जाऊन बसला आणि यंत्र बंद केलं.

औषधाच्या यादीला इतका विचार लागतो हे मला माहीत नव्हतं.

१७ मार्च, बुधवार

आज अपमान झाला. वेलीचा नववा आराखडा साठवत होतो. (प्रत्येक आराखडा ठेवतो. विद्यार्थ्यांनाही मी खोडरबर वापरू देत नसे.) तर पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा फुगा वर आला आणि इंग्रजीत म्हणाला: भालचंद्रमध्ये जागा संपत आली आहे. जुन्या आणि निरुपयोगी गोष्टी काढून टाका.

पुष्पाला वाचून दाखवलं. म्हणाली, "यंत्राले एका महिन्यात समजलं. मले समजाले दोन वर्सं लागली होती."

१९ मार्च, शुक्रवार

फुगा जात नाही. दर दहा मिनिटांनी नाव घेऊन सांगतो. शेवटी निरुपयोगी गोष्टी शोधल्या. माझं तर सगळंच उपयोगी. मग विंडोजच्या बिऱ्हाडात एक पत्त्यांचा खेळ सापडला. माझ्या जागेत जुगार! काढून टाकला. मिळालेली जागा नखाएवढी. मग नाइलाजानं तीन जुने आराखडेही फेकले, तरी फुगा हलला नाही.

२१ मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, पुरणपोळी झाली आणि मग बाबांचा वार म्हणून बाबा यंत्रावर बसले. पाच मिनिटांत हाक. "भाल्या! माहे पत्ते कुठं गेले?"

बाबा रविवारभर पत्ते खेळतात हे मला काय माहीत! सांगितलं की जागा नव्हती. तर म्हणाले, "घरात जागा नसली की बापाचं सामान आधी बाहीर फेकता काय?" पाडव्याच्या दिवशी. पलीकडच्या घरात इंद्रभान मोठ्यानं हसला. त्याचं हसणं ऐकून किती वर्षं झाली ते मोजत बसलो आणि मला राग यायचा राहूनच गेला.

२२ मार्च, सोमवार

वैजनाथ आला. बघून म्हणाला, "मास्तर, फेकलेलं सगळं टोपलीत पडलं हाये. टोपली बी तुमच्याच घरात. बाहीर नेऊन ओता नं." मी फेकलेले तीन आराखडे तिथं शाबूत होते. वाईट वाटलं, पण ओतले. फुगा गेला.

"हे दोन आठवडे पुरंन," वैजनाथ म्हणाला. "पन मी काय म्हन्तो, डी आख्खा मोकळा हाये. तिकडं सरकवा."

"थो इंद्रभानचा हाये."

"पन रिकामा हाये."

"रिकामा असला म्हंजे दुसऱ्याच्या वावरात नांगर घालाचा?"

"अवो मास्तर, हे वावर नाही."

"वाटा तर हाये." आमच्या घरी न विचारता कुणी कुणाच्या धुऱ्यापलीकडं, बांधापलीकडं पाय टाकत नाही. सहा वर्षांत त्याची एक शेंग मी तोडली नाही आणि माझ्या बोरीचं एक बोर त्यानं उचललं नाही. एवढ्या एका गोष्टीत दोघं भाऊ सारखे.

वैजनाथनं सगळं आवरता आवरता म्हटलं, "इंद्रभानभाऊनं बी काही भरलं नाही. एकच फाईल हाये, येवढीशी. पाहू?"

"खबरदार."

औषधांची यादी असणार.

२६ मार्च, शुक्रवार

सुलभा येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसली. पत्रिकेची खिडकी मी चटकन खाली केली. तिनं बघितलं की नाही कळलं नाही. म्हणाली, "मोठेबाबा, माही पत्रिका अजून कुठंच देल्ली नाही. पप्पाले म्हनलं जालन्याले जाऊ, तर म्हन्तात थांब. आई म्हने किती दिवस, तर म्हन्तात थांब. कायले थांबून राह्यले थे काही सांगत नाही."

मी म्हणालो, "तुह्या बापाले पयलेपासून निर्णय घेता येत नाही."

तिनं स्टूल पुढं ओढलं. मग म्हणाली, "तुम्ही इचारून पाहा नं त्याईले."

"म्या कायले इचारू? मुलीचा बाप थो हाये."

ती गेल्यावर पुष्पा पीठ मळता मळता म्हणाली, "एक ह्या दाराआड, एक त्या दाराआड. पोरीचं लग्न तिकडं नवऱ्याच्या अंगनात बिनपत्रिकेचं लागून जाईन." बायकांना सगळं सोपं वाटतं. ह्यात मानाचा प्रश्न आहे.

३१ मार्च, बुधवार

पंधरावा आराखडा. वेल आता चारही बाजूंनी फिरली. एकेक फाईल म्हशीसारखी जड झाली आहे, उघडायला पाच मिनिटं घेते. आज फुगा परत आला. त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

५ एप्रिल, सोमवार

क्रमानं लिहितो.

सकाळी आठला बसलो. वेल पूर्ण होती, आता अक्षरं बसवायची होती. सुलभाचं नाव मी स्वतःच्या वळणात काढलं, टाक घेऊन कागदावर काढलं, चढवलं, वेलीच्या मधोमध ठेवलं. असं काम माझ्या हातून आयुष्यात दोन-तीनदाच झालं असेल. खायला-प्यायला उठलो नाही. साठवणं वगैरे डोक्यातच नव्हतं. दहा वाजून पस्तीस मिनिटांनी साठवायचं बटण दाबलं.

जागा नाही.

पुन्हा दाबलं. जागा नाही. टोपली बघितली तर रिकामी. दोन जुने आराखडे काळजावर दगड ठेवून पुसले. तरी जागा नाही. मग लक्षात आलं, की ह्या आठवड्याचं लोडशेडिंग अकरा ते तीन. यूपीएस दहा मिनिटं तग धरतो. म्हणजे अकरा दहाला सकाळचं सगळं काम पुसलं जाणार, सुलभाच्या नावासकट. आणि तसं नाव पुन्हा येत नाही, हे माझ्या हाताला कळतं.

शेजारी इंद्रभान, चौतीस जीबी, मोकळा. एक बोट पुरलं असतं. बाबा मागं खुर्चीत बसून बघत होते. मी म्हणालो, "बाबा, ह्याच्यात ठेवू का?" बाबा म्हणाले, "मले कायले इचारतं? ज्याचं हाये त्याले इचार."

लुना काढली. मळा दोन किलोमीटर. उतारावर ब्रेक लावला नाही, ह्याची नोंद असावी.

इंद्रभान वांग्यांच्या ओळीत वाकलेला होता, टोपली अर्धी भरलेली. "इंद्रभान," मी म्हणालो. सहा वर्षांत हे नाव त्याच्या तोंडासमोर घेतलं नव्हतं. आवाज भलताच बारीक निघाला.

तो ताडकन सरळ झाला. "बाबाले काही झालं काय?"

"बाबा बरे हायेत. मले जागा पाहिजे."

"कायची जागा?"

"तुह्या डीमध्ये. एका पत्रिकेपुरती."

"कोनाची पत्रिका?"

हा प्रश्न येणार हे दोन किलोमीटरमध्ये मला सुचलंच नव्हतं. "सुलभाची," मी म्हणालो. "तू सांगतलं नाही तरी म्या काढली. तुले नको असंल तर नको छापू. पन लाईट चालली, अन् माह्यात जागा उरली नाही."

त्यानं हातातलं वांगं टोपलीत टाकलं. टोपली खाली ठेवली. हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. मला वाटलं, आता नाही म्हणणार. मी कोणत्या तोंडानं परत जाणार ह्याचा विचार करत होतो.

"गाडी कोन्ती आनली?" त्यानं विचारलं.

"लुना."

"मंग मी चालवतो. तू लय हळू चालवतं."

आम्ही दोघं लुनावर. माझं पोट मोठं, त्याचे पाय लांब. चढावर गाडी धापा टाकायला लागली तेव्हा तो पेडल मारत होता आणि मी मागं पायानं रस्ता ढकलत होतो. बसस्टँडवर वैजनाथनं दुकानाबाहेर येऊन कपाळाला हात लावला.

घरी पोचलो तेव्हा अकराला तीन मिनिटं कमी होती. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि पंखा थांबला. सरकारी गोष्ट कधी नव्हे ती वेळेआधी! यूपीएस ओरडायला लागला. बाबा यंत्रासमोर स्टूल टाकून राखण करत बसले होते. "म्या हात नाही लावला," म्हणाले.

मी माउस इंद्रभानपुढं केला. "उघड."

"तूच उघड, तुले जमते."

"वाटा तुहा हाये. आंधी तू."

त्यानं वांग्यांच्या काट्यांनी ओरबाडलेलं बोट त्या बटणावर ठेवलं आणि स्वतःच्या नावावर दाबलं. आत एकच फाईल होती, नाव लग्न. औषध नव्हे. मी बघितलं, त्यानं बघितलं की मी बघितलं, आणि यूपीएस ओरडतच होता. मी पत्रिका तिच्या शेजारी ठेवली. हिरवी पट्टी हळूहळू पुढं सरकायला लागली. यूपीएस घाईघाईनं ओरडायला लागला. इंद्रभान पट्टीला बैलाला म्हणावं तसं "चल, चल, चल" म्हणत होता. पट्टी टोकाला गेली. साठवलं गेलं. मिनिटभरानं पडदा काळा झाला.

आम्ही तिघं घामानं निथळत बसलो. बाबा म्हणाले, "झालं काय?"

"झालं," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"मंग आता माहे पत्ते आनून द्या."

६ एप्रिल, मंगळवार

सकाळी आठला मावळतीकडून हाक आली. "दादा! पाळी माही हाये. पन ये."

तो बसला, मी स्टुलावर. त्यानं ती फाईल उघडली आणि स्वतः खिडकीबाहेर बघायला लागला. मी वाचली. सगळी मिळून सहा ओळी. वर श्री बालाजी प्रसन्न. मग चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सुलभा. मग नांदुऱ्याच्या मुलाचं नाव. मग निमंत्रक, आणि त्याच्यापुढं पहिलं नाव भालचंद्र नारायणराव, त्याखाली इंद्रभान नारायणराव. आणि सर्वांत खाली: बाकी दादाले विचारून.

फाईल सुरू केल्याची तारीख चार मार्चची. म्हणजे ज्या दिवशी मी ह्या वहीत लिहिलं की मी विचारायला जाणार नाही, त्याच दिवशी.

"महिनाभर काय करत होता मंग?" मी विचारलं.

"उघडत होतो, वाचत होतो, एखादी ओळ लिहत होतो, बंद करत होतो."

"यायचं नं माह्याकडं."

"दोन-तीनदा निंगालो होतो. तुह्या दारापाशी आलो की वाटे, दादा म्हनंन, काम पडलं तवा भाऊ आठवला. सहा वर्सं नाही आला."

मी म्हणणार होतो की असं मी कधीच म्हटलं नसतं. पण म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं.

रडलो. इथं लिहून ठेवतो, कारण पुष्पानं विचारलं तर मी नाकबूल होणार आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही आणि खांद्यावरचा पंचा माझ्या मांडीवर टाकला. पंच्याला कोथिंबिरीचा वास होता.

त्यानंतर अर्धा तास आम्ही कडाक्याचं भांडलो. माझं म्हणणं, मुलीचा बाप तू, तुझं नाव आधी. त्याचं म्हणणं, थोरला असताना धाकट्याचं नाव वर जात नाही. आवाज इतके चढले की सुलभा घाबरून धावत आली आणि दारातच थांबली. बाबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. शेवटी वर बाबांचं नाव घातलं आणि आम्ही दोघं एका ओळीत.

दुपारी वैजनाथ यंत्राचा डबाच मांडीवर घेऊन जालन्याच्या एसटीत बसला. पाचशे प्रती सांगितल्या.

११ एप्रिल, रविवार

डबा परत आला. वैजनाथ म्हणाला, दोन्ही वाटे मिळून एकच करता येतील, फक्त आधी सगळं पुसावं लागेल. इंद्रभान म्हणाला, "नको. कोनी काही पुसू नका." मी माझे उरलेले आराखडे डीमध्ये नेऊन ठेवले. विचारून. भालचंद्रमध्ये आता पुष्कळ जागा आहे. बाबांचे पत्ते परत बसवले, ते सकाळपासून जेवायलाही उठलेले नाहीत.

१४ एप्रिल, बुधवार

पत्रिका आल्या. पिवळसर जाड कागद, हिरवी वेल, मधोमध सुलभाचं नाव. सुलभा एकेक पत्रिका उलटून बघत होती, जणू प्रत्येकीवर वेगळं काही असणार. पुष्पा म्हणाली, "अहो, बरी झाली." तेहतीस वर्षांच्या संसारात याच्यापेक्षा मोठं कौतुक मला मिळालेलं नाही.

पहिली पत्रिका बालाजीला. इंद्रभान आणि मी दोघं गेलो, लुना त्यानंच चालवली. पत्रिका देवापुढं ठेवली, हात जोडले, पायऱ्यांवर येऊन बसलो. त्यानं पिशवीतून दुसरी पत्रिका काढली आणि बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता भरून येईल ह्याला. मी पंचा काढून तयार ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "वेल दोडक्याची, फुलं दोडक्याची, दोडके तर लय झ्याक. पन पानं कारल्याची हायेत."

मी पत्रिका ओढून घेतली. पानं बघितली. खोल कातरलेली, बोटाबोटाची. कारलं. चारही बाजूंनी, पाचशे प्रती.

"तुले कवा दिसलं?"

"त्याच दिवशी. यूपीएस वरडून राह्यला होता तवा."

"मंग सांगतलं काऊन नाही बे? दुरुस्त केलं असतं की!"

त्यानं पत्रिका परत घेतली आणि नीट पिशवीत ठेवली. "सहा वर्सांनी बोलाले लागला होता," तो म्हणाला. "पयल्याच दिवशी कायले चूक काढू?"

मग आम्ही पायऱ्यांवरून उठलो आणि उरलेल्या पत्रिका वाटायला निघालो. लोणारच्या मावशीपासून सुरुवात करायची ठरली आहे. तिला भाज्यांतलं फारसं कळत नाही.